एका ओळीतलं मिश्रण

आमच्या छापखान्यात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. गिऱ्हाईक बोटभर लेबल आणि हातभर मजकूर घेऊन आलं की ते भिंग डोळ्याला लावत, मजकूर नजरेनेच मोजत आणि म्हणत, "मावेल." पुढे एक शब्द नाही. त्यावरून ते मावेलकाका झाले. मालकही त्यांना तसंच म्हणत. काकांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट जरा बरंच वाटत असावं.

बत्तीस वर्षं त्यांनी लेबलं जुळवली. आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर. बिस्किटं, सरबतं, मलमं, तान्ह्या मुलांचं दूध, गुडघ्याचं तेल. बाटलीच्या पाठीवर जी मुंगीएवढी अक्षरं असतात आणि जी तुम्ही-आम्ही कधी वाचत नाही, ती कोणीतरी तिथे बसवलेली असतात. आमच्या भागात ती काका बसवत. त्यांना त्याचा अभिमान होता. दुकानात गेले की बाटली उलटी करून बघत आणि दुसऱ्या छापखान्याचं काम असेल तर नाक मुरडत.

मी त्यांची वाचणारी. म्हणजे मूळ कागद हातात घेऊन मी मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, आणि काकांनी प्रूफवर पेन्सिलीचं टोक फिरवत बघायचं. दिवसभर हीच बडबड, म्हणून छापखान्यात माझं नाव पोपट. पहिली फेरी सरळ आणि दुसरी उलटी, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. उलटं वाचलं की अर्थ मध्ये लुडबुडत नाही. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोपट, अर्थाच्या नादी लागायचं नाही. अर्थ गिऱ्हाईकाचा, अक्षरं आपली." तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, कारण मी ते बारा वर्षं इमानेइतबारे पाळलं.

शक्तीची पावडर बनवणारा एक कारखानदार आमच्याकडे येत असे. बोलायला गोड, आल्याबरोबर सगळ्यांची चौकशी करणारा. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने मोठा डबा बंद करून छोटी बाटली काढली आणि जुनाच मजकूर नव्या बाटलीवर बसवायला आणला. पाठीवर नऊ फायदे होते, कारखान्याचा पत्ता होता, घ्यायची पद्धत होती आणि साडेतीन ओळी घटक होते. सात नावं आणि प्रत्येकापुढे किती ते. पुढच्या बाजूला एक बाई पळत होती. बाटली लहान झाली तरी बाई लहान झाली नव्हती, त्यामुळे तिचा मागचा पाय बाटलीला वळसा घालून घटकांच्या जागेत येऊन थांबला होता.

"बाईला जरा छोटी करू?" वाचून झालेलं प्रूफ त्याच्यासमोर ठेवून काकांनी विचारलं.

"नको नको. तिच्यावरच तर माल खपतो."

"मग फायदे कमी करा. नऊचे सहा."

"काका, फायदे कसे कमी करणार?"

काकांनी भिंग लावलं. मजकूर एकदा मोजला, पुन्हा मोजला. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण ह्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच "नाही मावत" ऐकायला मिळणार असं वाटत होतं. मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली, प्रूफवरच्या सात नावांवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पौष्टिक वनस्पती मिश्रण'. शेजारी सही केली, रिवाजाप्रमाणे. म्हणाले, "सात नावं कशाला? एका ओळीत काम होतं. वनस्पतीच आहेत ना सगळ्या?"

कारखानदार खुशीत आला. "वा काका! म्हणजे आमची कृतीही कुणाला कळायला नको." जाताना त्याने दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, "काकूंना द्या" म्हणाला. तेव्हापासून दर महिन्याला दोन बाटल्या येत राहिल्या. मीही तेव्हा हसले होते. 'बाईचा पाय वाचला' असं काहीतरी बोललेही होते.

काकूंना ती पावडर आवडली. आधी त्यांना दुपारी थकवा येत असे, तो गेला असं त्या म्हणत. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून दोन-दोन चमचे. शेजारणीला बाटली दाखवून सांगत, "हे लेबल ह्यांनी केलंय." काकूंचं असंच असे. लग्न झाल्यापासून घरातली खरेदी काका करत आणि ते जे आणतील ते काकू डोळे मिटून वापरत. साबण बदलला, तेल बदललं, पीठ बदललं, काकूंनी कधी पिशवी उलटी करून बघितली नाही. "बघायचं काय? ह्यांनी आणलंय ना," एवढं त्यांना पुरत असे. मला त्या भाबडेपणाची तेव्हा गंमत वाटायची.

मग काकूंचा रक्तदाब वाढला. त्या वयात बऱ्याच जणांचा वाढतो, कोणी फारसं मनावर घेतलं नाही. एक गोळी सुरू झाली, सहा महिन्यांनी दोन, मग तीन. तरी आकडा खाली यायचं नाव घेईना. पाय सुजू लागले. मांड्यांतली ताकद गेली, जिना चढताना कठड्याला धरून थांबावं लागे. एका सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात बसल्या त्या उठूच शकल्या नाहीत. काकांनी मला फोन केला. त्यांना मूलबाळ नाही, आणि माझं घर दोन गल्ल्या सोडून.

दवाखान्यात मीही आत गेले. काकूच म्हणाल्या, "चल गं, हे डॉक्टरांसमोर मूग गिळून बसतात." डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या, हे विशेष. रक्ताचा कागद पुढे ठेवून त्या म्हणाल्या की पोटॅशियम फार उतरलंय, ते असंच राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाब चढलेला आणि पोटॅशियम उतरलेलं असं एकत्र दिसलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे का ते बघावं लागतं. तूर्त त्यांनी भरून काढायचं औषध दिलं. पुढच्या सोमवारी दाखल व्हायचं होतं, मग तपासण्या आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया. गाठ हा शब्द ऐकल्यावर काकांनी खुर्चीचा हात धरला.

"गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? तेल, चूर्ण, काहीही?"

काकूंनी पिशवीतून बाटली काढली. अगदी कौतुकाने. डॉक्टरीणबाईंनी ती फिरवली, पळणारी बाई बघितली, नऊ फायदे बघितले आणि मागच्या पायापाशी थांबल्या.

"पौष्टिक वनस्पती मिश्रण. म्हणजे नेमकं काय?"

"ह्यांना विचारा ना," काकू म्हणाल्या. "हे लेबल ह्यांनीच केलंय."

डॉक्टरीणबाईंनी काकांकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. मी मात्र जमिनीकडे बघत होते.

"मला नाही आठवत," काका म्हणाले.

"कुठून तरी यादी मिळवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोमवारच्या आत मिळाली तर फार उपयोग होईल. कदाचित पुढचं सगळं टळेलही. आणि हे तोवर बंद ठेवा."

बाहेर आल्यावर मी काकांना बाजूला घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. बायकोच्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही खोटं बोलता? ते ऐकून घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोपट, खरंच नाही आठवत. तुला आठवतं?"

मी ती सात नावं मोठ्याने वाचली होती, एकदा सरळ आणि एकदा उलटी. मोठ्या डब्याच्या वेळी आणखी दोनदा. काका सांगू शकत होते की दुसरी ओळ घट्ट बसली होती, चौथं नाव सर्वांत लांब होतं, आकडे उजवीकडे रांगेत होते. मला आठवत होतं की तिसऱ्या नावाशी मला खोकला आला होता आणि काकांनी पाणी दिलं होतं. आलं-बिलं काहीतरी होतं असं मला वाटत होतं. ह्यापलीकडे आम्हा दोघांच्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी त्यांच्यावर ओरडायचं थांबले.

छापखान्यात शोधलं. काका नव्या कामाची फाईल जुन्याच नावाने ठेवत, त्यामुळे आधीचं सगळं पुसलेलं. मूळ कागद काम झालं की गिऱ्हाईकाला परत जातो. मोठा डबा कुठे मिळेल म्हणून चार दुकानं पालथी घातली, कुणाकडे नव्हता. शेवटी काकांनी कारखानदाराला फोन केला. मी शेजारी उभी होते. तो नेहमीसारखा गोड बोलला, काकूंची चौकशी केली, हळहळला आणि म्हणाला, "काका, कृती कशी बाहेर देणार? तुम्हीच तर ती झाकायचा मार्ग काढलात. आणि वनस्पतीच आहेत हो, त्यांनी कुणाचं काय वाईट होणार?" काकांनी दोनदा विनवलं. मग त्याला कोणीतरी बोलावलं आणि फोन बंद झाला.

खरी पंचाईत घरी होती. काकूंनी डॉक्टरीणबाईंचं निम्मंच ऐकलं. चहा सोडला, मीठ कमी केलं, पण पावडर सोडेनात.

"अगं, बंद सांगितलंय ना?" काका म्हणाले.

"त्यांना काय माहीत? त्यांनी सगळंच बंद सांगितलं. ही तुमच्या हातची आहे, हिने मला काय होणार?"

काकांनी बाटली उचलून ठेवली आणि संपली म्हणून सांगितलं. काकूंनी फळीच्या मागून दुसरी काढली. तिसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल." मी म्हटलं, "काय सांगू? की ह्यात काय आहे ते तुमच्या नवऱ्याने खोडलं?" बत्तीस वर्षांत त्यांना कोणी एवढं असहाय बघितलं नसेल. भिंगातून जे दिसत नाही असं काही त्यांना करायचं होतं आणि ते त्यांना येत नव्हतं. मला त्यांची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. मीही गेले नाही सांगायला. म्हणजे मी काही त्यांच्याहून शूर नव्हते.

रविवारी सकाळी काकूंनी मला बोलावलं. डॉक्टरीणबाईंना रक्तदाबाचे मागचे आकडे हवे होते, ते एका कागदावर उतरवून द्यायचे होते. काकू घरच्या यंत्रावर रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून आकडा बघत आणि पॅडवर लिहून ठेवत. आमच्या छापखान्यातल्या कुणाच्याही घरी लिहायचा कागद विकत आणलेला नसतो. एका बाजूने छापलेली रद्दी प्रूफं आमचा बाइंडर कापतो, डिंक लावतो आणि त्यांचे पॅड करतो. कोरी बाजू वर, छापलेली खाली. सामानाची यादी, दूधवाल्याला निरोप, सगळं त्यावरच. काकूंकडे असे पाच पॅड भरले होते.

स्वयंपाकघरात टेबलावर बसलो. काकू आकडे सांगत होत्या, मी लिहीत होते, काका खिडकीपाशी डाळ निवडत होते. शाई एका पानावर पुसट होती म्हणून मी ते उजेडाला धरलं. मागची अक्षरं आरपार दिसली. काका प्रूफ वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात काढत, तसं ते होतं. मी पान उलटलं.

नऊ फायदे, पत्ता, सात नावं. त्यांच्यावरून आडवी लाल रेघ आणि वर काकांच्या अक्षरात 'पौष्टिक वनस्पती मिश्रण'. कोपरा कापला गेला होता, सही मात्र शाबूत होती.

पहिला विचार काय आला ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही: हे पान हळूच काढून घ्यावं, नावं डॉक्टरांना द्यावीत आणि काकूंना रेघ दाखवूच नये.

"काय गं? थांबलीस का?" काकूंनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी लांबूनच कागद ओळखला होता. आपलं काम ते कुठल्याही अंतरावरून ओळखत. डाळीचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं.

"वाच," ते म्हणाले.

"काका..."

"मोठ्याने वाच, पोपट. सरळ वाच."

मी वाचलं. जवसाची पूड. सोयाबीनचा अर्क. बीटाची पूड. ज्येष्ठमधाचा संहत अर्क. आल्याचा अर्क. मेथीचा अर्क. हिरव्या चहाचा अर्क. प्रत्येकापुढचा आकडाही वाचला. स्वल्पविराम वाचले नाहीत. काका प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू कोणी ओळख करून देत होतं. हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले असं त्यांचा चेहरा सांगत होता.

मग ते काकूंना म्हणाले, "हे सगळं बाटलीवर होतं. जागा नव्हती म्हणून मी काढलं. त्याने सांगितलं नव्हतं, मीच सुचवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला बोलता आलं नाही."

काकूंनी माझ्या हातून पान घेतलं. रेघेवरून बोट फिरवलं. मग पान उलटून त्यावर लिहिलेला आपला आकडा बघितला, एकशे अठ्ठ्याहत्तर. पुन्हा उलटलं.

"ह्यातलं वाईट कोणतं?" त्यांनी विचारलं.

आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

सोमवारी काकूंनी ते पान स्वतः नेलं, चार घड्या करून, पर्समध्ये. काका मागे बसले. डॉक्टरीणबाईंचं बोट चौथ्या नावावर थांबलं. ज्येष्ठमध, तेही संहत म्हणजे आटवून घट्ट केलेलं, आणि इतकं, रोज दोनदा, दोन वर्षं. त्या म्हणाल्या की ज्येष्ठमध जास्त प्रमाणात बरेच दिवस घेतलं तर काही जणांत हेच होतं: रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात, अंगातली ताकद जाते. "हे नाव बाटलीवर असतं ना, तर मी तिथल्या तिथेच ओळखलं असतं," असं त्या सहज बोलून गेल्या. त्यांना कोणाला टोचायचं नव्हतं. दाखल होणं पुढे ढकललं, पावडर पूर्ण बंद केली, आणि दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासायचं ठरलं.

गाठ नव्हती. महिन्याभरात आकडा उतरला, तीन गोळ्यांची एक झाली. काकू पुन्हा कठड्याला न धरता जिना चढू लागल्या. सगळे म्हणाले, सुटलात. मीही तसंच म्हटलं.

काका कारखानदाराकडे स्वतः गेले आणि सात नावं परत घाला म्हणून हट्ट धरून बसले. त्याने ऐकून घेतलं आणि ते काम दुसऱ्या छापखान्याला दिलं. बाटली अजून मिळते. बाई अजून पळते आहे आणि तिच्या पायापाशी काकांचीच ओळ आहे, दुसऱ्या कोणीतरी जुळवलेली. आता गिऱ्हाईक आलं की काका विचारतात, "हे काय असतं?" गिऱ्हाईकांना ते आवडत नाही, मालकांना त्याहून नाही. एक-दोन वेळा खडाजंगी झाली. मी आता उलटी फेरी झाल्यावर तिसरी फेरी करते, सरळ, फक्त अर्थासाठी. त्यासाठी कोणी आम्हाला जास्त वेळ देत नाही, तो आम्ही जेवणाच्या सुट्टीतून काढतो.

काकू रागावल्या नाहीत. भांडल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता, तर मला बरं वाटलं असतं. काकांनाही वाटलं असतं. त्या पूर्वीसारख्याच बोलतात, त्यांच्या शर्टाचं बटण लावतात, त्यांची चेष्टा करतात. फक्त घरात काही आलं की आधी उलटं करतात. पीठ, साबण, बिस्किटाचा पुडा. चष्मा लावून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचतात. काही सांगत नाहीत, विचारत नाहीत. वाचून झालं की फळीवर ठेवतात. काका तेवढा वेळ दुसरीकडे बघतात.

गेल्या आठवड्यात मी दुपारी त्यांच्याकडे गेले होते. काकू नुकत्याच बाजारातून आल्या होत्या, घामाघूम होऊन खुर्चीत टेकल्या. काका लगबगीने आत गेले आणि काचेचा पेला भरून पाणी घेऊन आले. काकू माझ्याशीच बोलत होत्या, शेजारणीच्या मुलीबद्दल काहीतरी. बोलता बोलता त्यांनी पेला घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, जरासा फिरवून बघितला आणि मग प्यायल्या. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. काका रिकामा पेला घ्यायला हात पुढे करून उभे होते.